खोक्यात गेलेली टीम

कुवेतमधल्या मंगफच्या त्या बिल्डिंगमध्ये सुखदाला सगळे ‘प्रणयची मिसेस’ म्हणून ओळखत. सांगलीत ती ‘मॅडम’ होती. तिने शिट्टी वाजवली की मैदान गप्प व्हायचं. शाळेतल्या मुलींची बास्केटबॉल टीम तिने शून्यातून उभी केली, जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत नेली, आणि नेमका त्याच आठवड्यात नवऱ्याने पाठवलेला फॅमिली व्हिसा हातात पडला. ‘सामने काय, दरवर्षी होतात,’ म्हणून सासरच्यांनी समजूत घातली. समजूत घालणाऱ्यांचं काय जातं? ती विमानात बसली आणि इकडे मुली हरल्या.

फॅमिली व्हिसावर आलेल्या बाईला कुवेतमध्ये नोकरी सहजासहजी मिळत नाही. प्रणय रिफायनरीत इंजिनिअर, उजाडायच्या आत घराबाहेर. एकदा हवल्लीच्या सेकंडहँड दुकानात तिला जुना गेमिंग कन्सोल आणि त्याच्यासोबत एक डिस्क मिळाली: अमेरिकन कॉलेजांच्या बास्केटबॉलची. त्यात आपण कोच व्हायचं, शाळाशाळांतून खेळाडू हुडकायचे, त्यांच्या आईबापांना पटवायचं, पोरं तयार करायची. चार वर्षांनी ती पदवी घेऊन निघून जातात, की पुन्हा पहिल्यापासून. सुखदाने मुद्दाम सगळ्यात टाकाऊ कॉलेज निवडलं. ‘टाइमपास होतो ना, मग खेळू दे,’ असं प्रणय मोठ्या मनाने म्हणायचा. या असल्या मोठ्या मनाचा राग यावा तेवढा थोडाच.

तीन वर्षं घाम गाळल्यावर ते कॉलेज फायनलला पोचलं. सणाच्या गोडासारखा तो सामना तिने सुट्टीच्या वारासाठी, शुक्रवारसाठी राखून ठेवला.

आणि शुक्रवारी सकाळी ती आधी हवल्लीला गेली, कारण प्रणय सुट्टीवर गावी निघाला होता आणि नणंदेसाठी अत्तर राहिलं होतं. परतली तर हॉलमध्ये खोकं दोरीने करकचून बांधलेलं, चारी बाजूंनी मार्करने नाव-नंबर लिहिलेलं. टीव्हीखालची जागा मोकळी होती.

“खोक्यात जागा उरली होती गं,” प्रणय म्हणाला. “ताईच्या ऋतुजाला देऊन टाकू. कुवेतहून चाललोय, काहीतरी मोठं नको का न्यायला? आणि आतलं सगळं पुसलंय मी. वापरलेलं दिलं असं वाटायला नको.”

सुखदाने सुरी आणली. दोरी कापली, टेप फाडली, दूध पावडरचे डबे नि खजुराची पाकिटं जमिनीवर फेकली आणि कन्सोल काढून टीव्हीला जोडला. पडद्यावर भाषा निवडायचा प्रश्न आला, दुकानातून आत्ताच आणल्यासारखा.

“अगं, गेम आहे तो! पुन्हा खेळ की.”

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती नुसती चीड, मस्तकात जाणारी. तेवढ्यात नणंदेचा व्हिडिओ कॉल आला.

“वहिनी, ऋतुजा नुसती नाचतेय! प्रणयने सांगितलं, तू गेम पाठवतेस म्हणून.”

अशा वेळी गल्फमधल्या वहिनीने ‘अहो ताई, त्यात काय एवढं’ म्हणायचं असतं. प्रणय डोळ्यांनी तेच खुणावत होता.

“ताई, तो माझा आहे,” सुखदा म्हणाली. “यानं न विचारता बांधला. मी नाही देणार.”

“मला वाटलं, पडून होता,” नणंद चाचरत म्हणाली.

“पडून नव्हता. माझी टीम फायनलला गेली होती.”

प्रणयने फोन हिसकावून बंद केला. “लाज आणलीस! ताईला काय वाटलं असेल?”

“आणि मला सांगलीहून उचलून आणलंस तेव्हा त्या मुलींना काय वाटलं असेल, विचारलंस कधी?”

“कुठल्या मुली?” प्रणयने गोंधळून विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.