नजर उतरवलेला सरडा

विनिपेगमध्ये जनावरांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन बसले होते. शेजारी एक नागपूरकर काका, जॅकेटच्या आत सरडा, दोन्ही डोळे मिटलेला.

"काल एकच मिटला होता ना," काका म्हणाले. "बायको म्हणे, नजर लागली. मीठ-मिरच्या उतरवून तव्यावर टाकल्या. बेसमेंटभर धूर, अलार्म सुरू! ह्यानं दुसराही मिटला."

"डॉक्टरांना काय सांगणार?"

"विंटर. दुसरं काय!" मग हळूच म्हणाले, "ह्याचा एक डोळा टीव्हीकडे असे, एक माझ्याकडे. घरात माझ्याकडे बघणारा हाच एक."

तेवढ्यात सरड्यानं एक डोळा किलकिला केला, आणि माझ्याकडे वळवला. काकांचा चेहरा असा पडला, की मी मांजर उचलून मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.