समोरच्या कोपऱ्यातली आर्लिस

राष्ट्राध्यक्ष कोण होणार हे न्यू एम्डेनमध्ये कुणाला विचारायचं, तर डेलमार फ्रेरिक्सला. टीव्हीवरच्या टायवाल्यांना नव्हे, त्यांना डोंबल कळतंय! डेलमारने एकतीस वर्षं आमच्या शेतांवरच्या घरांना टपाल वाटलं. कुणाच्या पेटीत कोणत्या उमेदवाराची पत्रकं पडतात, ती घरात जातात की फाटकाजवळच्या कचऱ्याच्या पिंपात, हे तो रोज बघायचा. दुसऱ्याचं पाकीट त्याने कधी उजेडाकडे धरलं नाही, पण जाता जाता पिंपाकडे नजर गेली तर तो काय गुन्हा झाला? तेवढ्यावरून तो वर्षभर आधी सांगायचा की आपल्या आयोवातून यंदा कोण पुढे निघणार, आणि बहुतेक वेळा पठ्ठ्याचं खरं ठरायचं.

निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. सकाळी सहाला डोरीनच्या कॅफेत खिडकीपाशी चार म्हातारे बसायचे, चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवत. ज्याचं दान सगळ्यात हलकं पडेल त्याने सगळ्यांची कॉफी पाजायची. फासे पडायच्या आधीही आणि पडल्यावरही बोलणं एकच, यंदा कोण.

"सिनेटर मॅकार्डल," डेलमार त्या नोव्हेंबरात म्हणाला. "बाई दारोदार फिरतेय. तिच्यानंतर ब्रॅनिगन. बाकी सगळे हौशे."

"आणि तो शेजारच्या राज्याचा गव्हर्नर लिंडक्विस्ट रे?" मर्ल उबनने विचारलं. मर्ल त्याचा शाळेपासूनचा दोस्त. पोरं मोठी झाली, दोघांच्या बायपास झाल्या, पण एकमेकांना चिमटे काढणं थांबलं नव्हतं.

"त्याचं पत्रक तर पिंपातसुद्धा दिसत नाही! त्याच्यामागे उभं राहायचं म्हणजे एक संध्याकाळ फुकट."

टेबल खो खो हसलं. डोरीनने काउंटरवरून ऐकलं आणि दुपारपर्यंत ते वाक्य गावभर झालं. डेलमारच्या वाक्यांना आमच्याकडे तेवढाच वेळ लागतो.

त्याचं न ऐकणारं गावात एकच माणूस होतं, त्याची बायको आर्लिस. शाळेच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं तिने आमच्या पोरांना जेवू घातलं, आणि तेवढीच वर्षं डेलमारला खोटं पाडायचा प्रयत्न केला. पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाला कुणाला उभं करायचं, या निवडीला आमच्याकडे चिठ्ठी नसते, पेटी नसते. जानेवारीतल्या एका संध्याकाळी सात वाजता शाळेच्या जिममध्ये जमायचं आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्या गावादेखत उभं राहायचं. डेलमार नेहमी स्टेजच्या बाजूला. आर्लिस बरोबर समोर, तिच्या स्वयंपाकघराची वाढायची खिडकी आहे ना, तिच्यापाशी. त्याने ज्याचं नाव घेतलं असेल तो सोडून जो कुणी असेल तो तिचा. तिथून ती त्याला हात करायची आणि अख्खी जिम हसायची.

"एकदा तरी माझ्या बाजूला ये की गं," तो घरी जाताना पिकअपमध्ये म्हणायचा.

"तुला एकदा हो म्हटलं, डेल, तर चार वर्षं घरात राहणं मुश्कील होईल. मेल्यावर येईन. शेजारीच पुरणार आहेत ना!"

तीन वर्षांपूर्वी आर्लिस विसरायला लागली. आधी दालचिनीच्या रोलमधली साखर, मग गॅस बंद करणं, मग घराचा रस्ता, आणि शेवटी डेलमारचं नाव. त्याने दोन वर्षं एकट्याने निभावलं. मग तिला गावातल्या मेडो हाउस नावाच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. घरापासून चार चौक. कॉफी झाली की तो तिथे जायचा, तिला भरवायचा, आणि रात्रीचं जेवण उरकल्यावरच निघायचा. काय बोलणार तिच्याशी दिवसभर? तो उमेदवारांची नावं घ्यायचा.

"मॅकार्डल येणार बघ यंदा."

"छे! तुम्हाला काय कळतंय?" आर्लिस तावातावाने म्हणायची. समोरचा माणूस कोण हे तिला ठाऊक नसायचं. पण त्याचं म्हणणं खोडून काढायचं, एवढं मात्र तिच्या हाडात राहिलं होतं. डेलमार त्या एका 'छे'वर दिवस काढायचा. त्यात त्याला आपली बायको सापडायची.

डिसेंबरात पत्र आलं. मेडो हाउस मार्चमध्ये बंद. परिचारिका मिळत नाहीत, राज्याचा पैसा पुरत नाही, वगैरे. आर्लिससाठी जागा होती ती पंच्याऐंशी मैलांवर. डेलमार सत्त्याहत्तर वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि आमच्याकडचे हिवाळ्यातले रस्ते म्हणजे नुसती काच. रोज जाणं शक्यच नव्हतं.

"आणि रोज नाही गेलो," तो मर्लला म्हणाला, "तर ते 'छे'सुद्धा विसरेल ती."

त्याच आठवड्यात लिंडक्विस्ट डोरीनच्या कॅफेत आला. तो, त्याची गाडी चालवणारी एक मुलगी आणि आमचे चार म्हातारे, एवढीच सभा. त्याने बनच्या बाहेर लोंबणारं डुकराच्या मांसाचं तळलेलं सँडविच मागवलं आणि मुकाट्याने ऐकून घेत बसला. डेलमारने आयुष्यात पहिल्यांदा एका उमेदवारापुढे हात जोडले, मेडो हाउस वाचवा म्हणून.

लिंडक्विस्टने सँडविच खाली ठेवलं. "या गावातून मला एक प्रतिनिधी मिळवून द्या," तो म्हणाला. "एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कॅमेरे घेऊन तुमच्या मेडो हाउसच्या पायरीवर उभा राहतो. मग बघू त्याला कुलूप कोण लावतं ते."

कदाचित हेच तो प्रत्येक गावात म्हणत असेल. डेलमारला का ते कळत नव्हतं? चाळीस वर्षं त्याने असले मिठ्ठास बोलणारे पाहिले होते. पण दुसरं त्याच्या हातात होतं तरी काय?

मग तो पिकअप घेऊन निघाला, आपल्या जुन्याच टपालाच्या रस्त्याने, घरामागून घर. लोकांनी आत बोलावलं, ॲपल पाय खाऊ घातला, आर्लिसची विचारपूस केली. लिंडक्विस्टचं नाव काढलं की मात्र सगळीकडे तेच.

"पण डेलमार, तूच म्हणाला होतास ना, एक संध्याकाळ फुकट म्हणून?"

"म्हणालो होतो हो. चुकलो."

"तू कुठे चुकतोस!" असं म्हणून लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. आपलंच नाव आपल्याला असं नडेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. महिनाभर फिरून चार माणसं मिळाली. तो धरून पाच.

कोपरा मोजला जायला, म्हणजे त्याला प्रतिनिधी मिळायला, शंभरात पंधरा माणसं लागतात. तेवढी नसली तर कोपरा मोडतो, माणसं दुसरीकडे जातात नाहीतर घरी. आमच्याकडे चाळीसेक माणसं येतात, म्हणजे सहा हवीत. एक कमी. डेलमार दोन दिवस स्वतःशी भांडला आणि मग मेडो हाउसमध्ये जाऊन म्हणाला, मी आर्लिसला त्या संध्याकाळी जिममध्ये घेऊन जातो.

लाज वाटली का? वाटली. तिच्या डोक्यात काही उरलेलं नाही आणि आपण तिला एक डोकं म्हणून मोजायला नेतोय, हे तिला निळा कोट घालताना त्याला टोचत होतं. पण हे तिच्याचसाठी तर आहे, असं तो बटणं लावता लावता पुटपुटत राहिला.

त्या संध्याकाळी बर्फ पडत होतं, त्यामुळे माणसं कमी आली. वहीजवळ जोलीन हार्म्स बसली होती. त्या संध्याकाळचं सगळं काम तिच्याकडे होतं, आणि लहानपणी तीही आर्लिसच्याच हातचं जेवलेली. तिने आर्लिसचा गाल कुरवाळला आणि नाव लिहून घेतलं. डेलमारने आर्लिसला स्टेजजवळ आपल्या चौघांत बसवलं आणि तिच्यासाठी कॉफी आणायला गेला. किती वेळ लागला असेल? दोन मिनिटं. परत आला तर खुर्ची रिकामी.

आर्लिस आपला वॉकर ढकलत जिम पार करत होती. कुणी तिला अडवलं नाही, उलट वाट करून दिली. वाढायच्या खिडकीपाशी ती पोचली, मॅकार्डलच्या घोळक्यात जाऊन टेकली, आणि तिथून तिने स्टेजच्या दिशेने हात केला. जुने लोक नेहमीप्रमाणे हसले.

जोलीनने माणसं मोजली. "एकूण चौतीस. म्हणजे कोपऱ्याला सहा हवीत. लिंडक्विस्ट पाच. डेलमार, सॉरी हं. अर्धा तास आहे, बघ कुणी येतंय का."

डेलमारने जन्मभर हेच हिशेब केले होते, त्याला कागद लागला नाही. तेहतीस माणसं असती तर पाचांत भागलं असतं. आर्लिसला आणलंच नसतं तर त्याचा कोपरा उभा राहिला असता! चौतिसावी तिचीच भर पडली होती आणि त्यानेच ती घातली होती.

तो आधी मर्लकडे गेला. मर्ल मॅकार्डलच्या कोपऱ्यात उभा होता.

"मर्ल, एक माणूस फक्त. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

मर्ल बुटांकडे बघत राहिला. "पोरगा इथेनॉलच्या कारखान्यात आहे, डेल्या. मॅकार्डलने कारखान्याला शब्द दिलाय. त्याचा साहेब तो बघ तिथे उभाय, आणि मी त्याच्यासमोरून चालत जाऊ? चिठ्ठी असती ना, तर देवाशपथ तुलाच टाकली असती."

"माहीत आहे रे."

"आणि तूच तर म्हणाला होतास..."

"हो हो. म्हणालो होतो!" डेलमार ओरडला. सगळ्यांनी वळून पाहिलं आणि लगेच माना फिरवल्या. ब्रॅनिगनच्या कोपऱ्यात त्याचं ऐकून घेतलं, तिथेही कुणी हललं नाही. वाईट माणसं नव्हती ती. त्यांना डेलमारच्या म्हणण्यावर विश्वास होता, एवढंच.

शेवटी तो आर्लिससमोर गुडघ्यावर बसला. "चल, आर्लिस. त्या कोपऱ्यात जाऊ."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तिकडे नाही जमायचं हो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तिकडे माझा नवरा उभा आहे. त्याला एकदा जिंकू दिलं ना, तर चार वर्षं ऐकावं लागतं." मग आणखी जवळ वाकून म्हणाली, "पण माणूस सोन्यासारखा आहे. त्याला सांगू नका."

वॉकर डेलमारच्या हाताशीच होता. हळूच दंड धरून उठवलं असतं तर ती आली असती. तिच्या अंगात आता कितीशी ताकद? मर्लने तर चक्क पाठ फिरवली, म्हणजे आपल्याला दिसायला नको. डेलमारने तिच्या कोपराला हात लावला. मग काढून घेतला.

"बरं," तो म्हणाला. "नाही सांगत."

अर्धा तास संपला. लिंडक्विस्टचा कोपरा मोडला. चौघांतले दोघे मॅकार्डलकडे गेले, दोघे बर्फ वाढतंय म्हणून घरी. डेलमार कुठेच गेला नाही, आर्लिसच्या खुर्चीशेजारी कोट घालून बसून राहिला. पिकअपमध्ये तिने विचारलं, "कोण जिंकलं?"

"तू," तो म्हणाला.

लिंडक्विस्टने दुसऱ्याच दिवशी माघार घेतली. डेलमारने त्याच्या कचेरीत तीनदा फोन केला, पुढे तो नंबरच बंद झाला. मार्चमध्ये एका पांढऱ्या गाडीतून आर्लिसला नेलं. मर्लने तिच्या बॅगा उचलून दिल्या आणि त्यानंतर तो कॅफेत यायचा बंद झाला. डोरीन अजून विचारते, "काय डेलमार, शेवटी कोण?" डेलमार म्हणतो, मला काय ठाऊक.

सुरुवातीला तो आठवड्यातून दोनदा जायचा. एप्रिलमध्ये पुन्हा बर्फ पडलं, गाडी खड्ड्यात गेली, दोन आठवडे हुकले. तिसऱ्या आठवड्यात गेला तेव्हा आर्लिस खिडकीपाशी स्वच्छ, नीटनेटकी बसली होती. त्याने खुर्ची ओढली.

"मॅकार्डल येणार बघ," तो म्हणाला आणि वाट बघत राहिला.

आर्लिस हसली, पाहुण्याकडे बघून हसतात तशी. "तुम्ही म्हणताय तर तसंच असेल."

"नाही, नाही. ब्रॅनिगन येणार. ब्रॅनिगनच!"

"हो, तेही खरं."

"आणि लिंडक्विस्ट?" त्याने विचारलं. "लिंडक्विस्ट कसा वाटतो तुला? त्याच्या कोपऱ्यात कुणी उभं राहील?"

"चांगला माणूस असणार," आर्लिस म्हणाली. "मी राहीन ना उभी. कुठे यायचं सांगा."

डेलमारने तोंडावर टोपी धरली आणि तिच्यासमोरच हमसून हमसून रडला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग खिडकीबाहेर. अंधार पडायच्या आत त्याला पंच्याऐंशी मैल कापून घर गाठायचं होतं.