धुतलेली भिंत

माझी मावशी जळकी आहे. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, त्यामुळे इथे लिहायला कसली भीती? दुसरीच्या दोरीवर चादर जास्त पांढरी निघाली तर हिच्या घशाखाली घास उतरत नाही. माझ्या आईचे केस दाट, म्हणून सख्ख्या बहिणीला ही अजून ‘झिपरी’ म्हणते. पण बाहेरच्या कुणी तिला जळकी म्हटलं, तर गाठ माझ्याशी आहे.

मावशी आमच्या गल्लीतलं धुणंघर सांभाळते. लांबलचक शेड, मधे दगडी हौद, दोन्ही बाजूंना कपडे घासायचे ओटे, कोपऱ्यात पाणी तापवायची भट्टी. दवाखान्याचे पडदे, लॉजच्या चादरी, ज्यांच्या घरात नळ नाही त्यांचे कपडे, सगळं इथेच येतं. मी शाळा सोडली तेव्हा आईने कपाळावर हात मारला. मावशीने माझ्या हातात ब्रश दिला. म्हणाली, “डोकं चालत नाही ना, मग हात चालव.”

ओट्यांच्या वरच्या भिंतीवर निळीने काढलेल्या खुणा होत्या. पूर्वी इथल्या बायकांना लिहिता येत नव्हतं आणि जागेवरून झिंज्या उपटेपर्यंत भांडणं व्हायची. म्हणून जिने ओटा धरला तिने वर आपली खूण काढायची. कुणाचा मासा, कुणाचं कुलूप, कुणाची किटली. मावशीचा कंगवा, आईच्या केसांवर जळून काढलेला, असं आई म्हणते. बाई मेली तरी तिची खूण पुसायची नाही, नवीने शेजारी आपली काढायची. अख्खी भिंत भरली होती. माझी खूण मात्र नव्हती.

“तू कुठे टिकणार? पायाला भिंगरी बांधलेली तुझ्या,” मावशी म्हणायची.

किटलीवाली आठवड्यातून एकदा उगवायची, तरी तिची किटली वर. मी रोज मरमर मरते, तर माझ्या डोक्यावर नुसता चुना. कपडे आपटताना मी त्या किटलीकडे बघून आपटायची.

आमच्या समोर दगडी बंगला आहे. तिथल्या चादरी मावशीने जन्मभर धुतल्या. त्याच्या फाटकावर महापालिकेची पितळी पाटी आहे, म्हणजे त्याच्या एका दगडालाही कुणी हात लावायचा नाही. आता रस्ता रुंद व्हायचा होता. बंगल्याला हात लावता येत नाही, मग जागा कुठून घेणार? आमच्याकडून. धुणंघर पाडायचं ठरलं.

मावशी पाटीकडे बघून थुंकायची. “भिंतीवर शेवाळ चढलंय मेल्यांच्या. आमच्याकडे चढलं असतं तर घाण म्हणाले असते.”

तेवढ्यात महापालिकेने नवीन टूम काढली. इतकी वर्षं यांनी फक्त बंगले, मनोरे आणि बँका जपल्या, त्यावर लोक ओरडले. म्हणून आता वस्त्यांनीच सांगायचं, तुमच्याकडे जपण्यासारखं काय आहे. मग एक मॅडम येऊन बघणार आणि समितीपुढे मांडणार. मावशीने धुणंघराचं नाव दिलं. पण मॅडम आधी गेल्या कोपऱ्यावरच्या न्हावीकाकांकडे. त्यांच्या खुर्चीत बसल्या, आरशाचे फोटो काढले. काका दुसऱ्या दिवसापासून मिशीला तेल लावून फिरायला लागले.

“काय ताई, आम्ही आता इतिहास झालो!”

“तोंड बघितलंय का इतिहासाचं?” मावशी म्हणाली. त्या दिवशी तिने एवढी नीळ घातली की लॉजच्या चादरी आभाळासारख्या निघाल्या आणि परत धुवाव्या लागल्या.

आमच्याकडे मॅडम येणार त्याच्या आदल्या दिवशी मावशीने पदर खोचला. पाहुणी येणार आणि धुणंघर मळकं? धुणाऱ्या बाईला याच्यापेक्षा मोठी शरम नाही. आम्ही सगळ्या जुंपलो. भट्टीची काजळी काढली, हौदावरचा साबणाचा थर खरवडला, मग सोड्याचं कढत पाणी आणि तारेचा ब्रश घेऊन भिंत. संध्याकाळी ती आरशासारखी चमकत होती. मासा गेला, कुलूप गेलं, कंगवाही गेला. “खुणा काय, परत काढू,” मावशी म्हणाली. “न्हाव्याच्या दुकानात केस पडलेले असतात. इथे येऊन बघ म्हणावं.” खरं सांगायचं तर किटली घासताना मला गारगार वाटलं.

मॅडम आल्या आणि भिंतीसमोर उभ्याच राहिल्या.

“खुणा कुठायत?”

“कसल्या?”

“निळीच्या. मी त्याच बघायला आले होते.”

मावशी मटकन ओट्यावर बसली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मी,” मागून न्हावीकाका म्हणाले. खांद्यावर टॉवेल तसाच, गिऱ्हाईक अर्धवट सोडून आले होते. “म्हटलं, माझ्याकडे काय, एक आरसा आणि एक खुर्ची. भिंत बघायची तर तिकडे जा. पोटात दुखायचं माझ्या ती भिंत बघून. आणि तुम्ही ती धुतलीत? धन्य आहे!”

मावशीने काकांकडे असं बघितलं, जणू त्यांनी तिला सोन्याची पाटली दिली. सगळं हातचं गेलेलं, तरी बाई खुलली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर जळलं होतं.

मग मात्र रडली. मॅडमही तिच्या शेजारी ओल्या ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, “आमचे नियम दगडविटांचे आहेत. चालू कामासाठी जागा जपायची, असा एक नवीन नियम आलाय. तो अजून कुणाला लागू झालेला नाही. तुम्ही सगळ्या समितीसमोर या.”

आम्ही गेलो. ओल्या साड्यांनीच गेलो, किटलीवालीसुद्धा आली. समितीतले एक चष्मेवाले म्हणाले, “बाई, खुणा तुम्ही परत काढाल, पण मग त्या जुन्या कशा म्हणायच्या?”

“बंगल्याचं छप्पर परवा नवीन घातलंत,” मावशी म्हणाली. “गवंड्यांचे कपडे माझ्याच दोरीवर वाळत होते. ते जुनं कसं? त्याला पाटी कशी?”

मागे कुणीतरी शिट्टी मारली. मीच मारली.

समितीत बरीच कुजबुज झाली आणि शेवटी ठरलं: धुणंघर पाडायचं नाही, रस्ता तिथे अरुंदच राहील. अट एकच. तिथे धुणं चालू राहिलं पाहिजे. बंद पडलं तर जागा महापालिकेची.

परत आलो तशी मावशी तडक आत गेली, वाटीत नीळ कालवली. बायका आपापल्या ओट्यावर चढल्या. मेलेल्यांच्या खुणा त्यांच्या लेकीसुनांनी काढल्या. मासा जरा जाड झाला. मी हात बांधून दारात उभी होते.

“काय बघतेस?” मावशीने वाटी माझ्यापुढे केली. “माझे गुडघे काय जन्मभर पुरणारेत? मी गेल्यावर ही अट कोण पाळणार, तो बंगलेवाला?”

मी ओट्यावर चढले आणि भिंतीवर निळीने एक चप्पल काढली. एकच.

“दुसरी कुठाय?”

“बाहेर. भटकायला लागली तर असू दे.”

मावशी मागे सरकली. आपला कंगवा बघितला, माझी चप्पल बघितली, परत कंगवा बघितला.

“कार्टे, माझ्यापेक्षा मोठी काढलीस,” ती म्हणाली, आणि माझ्या हातातून वाटी हिसकावून कंगव्याला आणखी दात काढायला लागली.