कौसाबाईचं ओलं पोतं

या सदरातले अनुभव मी वाचतो, पण खरं सांगायचं तर हसायला वाचतो. माझ्या शेडच्या दाराला मी कधी लिंबू-मिरची बांधली नाही. नवी गाडी आणली तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवू दिलं नाही, म्हणून बायको दोन दिवस बोलली नव्हती. जे हाताला लागतं आणि काट्यावर चढतं तेवढंच मी मानतो. तरी हे लिहायला बसलोय... कारण या प्रकरणात गावानं मला मूर्खात काढलंय, आणि जिच्यामुळे काढलंय ती बाई हो म्हणत नाही.

हिंगोलीहून औंढ्याकडे निघालात की डाव्या हाताला माझी हळद पावडरची शेड लागते. चाळीस बाय ऐंशी फूट, वर पत्रा. एकेकाळी हिंगोलीच्या मोंढ्यात मी हळदीची पोती पाठीवर वाहिली आहेत. तिथून इथवर आलो ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही. प्रत्येक वस्तू घासाघीस करून घेतली. मशीन बसवणारा म्हणत होता, धूळ ओढणारी यंत्रणा मोठी घ्या आणि शेडच्या बाहेर बसवा. मी म्हटलं, लहान दे आणि आतच बसव. त्याला घाम फोडला आणि माझ्या मनासारखं करून घेतलं. बरीच वर्षं मी ही गोष्ट चहा पिताना ऐटीत सांगायचो.

हळकुंडं दळायला लागली की इतकी बारीक पूड उडते की डोळ्यांच्या पापण्या पिवळ्या होतात. जमिनीवरची दिसते, झाडता येते. पण सगळ्यात बारीक पूड वर जाते आणि पत्र्याला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्यांवर बसते. खालून बघितलं तर काही कळत नाही. वर शिडी लावून बोट फिरवलं की दुधावरच्या सायीसारखा थर.

तो थर पुसायचं काम कौसाबाईचं. जवळा बाजारची बाई, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. बारा वर्षं माझ्याकडे होती. दर शनिवारी मशीन बंद करायला लावायची, हौदात गोणपाटाचं पोतं भिजवायची, पिळायची, पदर नाकावरून बांधायचा आणि शिडीवर चढायचं. वरून खाली पुसत यायची. कोरडा झाडू तिला अजिबात चालत नव्हता.

"झाडल्यानं धूळ उठती, मालक. ओल्यानं धरली की गप बसती."

यात शनिवारचा अर्धा दिवस जायचा. मशीन उभं राहिलं की माझा जीव वर-खाली व्हायचा. तिच्या नवऱ्याचे हात एका जिनिंगमध्ये भाजले होते, म्हणून ती भितेय असं मी धरून चाललो होतो.

"कौसाबाई, तो कापूस होता. ही हळद हाये. भाजलं की लावतो आपण. ती काय पेटणार?"

ती पुसत राहायची.

आषाढात एका शनिवारी दळायला माल खूप होता. मी म्हटलं, या खेपेला राहू द्या. ती म्हणाली, मागच्या खेपेलाबी राहिलंय. मी आवाज चढवला. तेव्हा ती तरातरा बाहेर अंगणात चहाच्या शेगडीपाशी गेली, चिमूटभर हळदपूड घेतली आणि जाळावर वरून भुरभुरली.

भप्प...

हातभर उंच पिवळा भडका. मी वाकून बघत होतो, माझ्या मिशीची एक बाजू जळाली. मग मशीनवरचा गजानन म्हणाला, "मालक, आता लावा हळद!" आणि सगळी शेड हसली. बायामाणसं पदर तोंडाला लावून हसली.

ज्या माणसानं हमालीत शिव्या खाल्ल्या, त्याला आपल्याच शेडमध्ये हसलेलं सहन होत नाही. बारा वर्षांत मी तिला 'तुमी' सोडून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

"निघ. आत्ताच्या आत्ता निघ इथून!"

तिनं पोतं पिळलं, दाराशेजारच्या खिळ्याला अडकवलं. "जाते. पण आता पाय धरले तरी तुमच्या दारात पाय ठेवणार न्हाई."

"कोण धरतंय पाय!" मी म्हटलं.

दुसऱ्या आठवड्यात मी एक कॉम्प्रेसर आणला. गजानन नळी धरून हवा मारायचा, अर्ध्या तासात मशीन लख्ख. धूळ जायची कुठे? वरच. पण खाली लख्ख दिसायचं, आणि मला तेवढंच बघायचं होतं. पोतं खिळ्यालाच राहिलं. वाळून पापडासारखं कडक झालं होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो. खंडेनवमी होती, आम्ही मशीनची पूजा करतो तो दिवस. वेळ सकाळी साडेदहाच्या सुमाराची, लख्ख ऊन. एक गोष्ट ध्यानात ठेवा — दोन दिवसांपूर्वी बोअरची मोटर जळाली होती. अंगणातला सिमेंटचा हौद तळापर्यंत कोरडा होता. प्यायला जार आणले होते.

सकाळपासून गजाननानं कॉम्प्रेसरनं सगळं उडवून काढलं. सणासाठी साफसफाई! हवा अशी पिवळी की समोरचा माणूस धूसर दिसावा. "जेजुरीला आल्यागत वाटून राहिलं, मालक," तो म्हणाला. सगळे हसले, मीसुद्धा. मग झेंडूच्या माळा चढल्या. दळण मशीनच्या पुढ्यात पाट मांडला, त्यावर समई. माझी बायको कमल ताट घेऊन उभी. सुनेच्या कडेवर माझी आठ महिन्यांची नात. बाजूला अकरा कामगार, नवे कपडे घालून.

समई मी स्वतः लावली. कापराकडे हात नेला, आणि सहज दाराबाहेर नजर गेली.

हौदापाशी कौसाबाई उभी होती.

पाठ आमच्याकडे. हिरवं लुगडं, नाकावरून मागे घेऊन बांधलेला पदर, त्याची गाठ मानेवर. वाकून पोतं हौदात बुचकळत होती आणि पिळत होती. मला पिळल्याचा आवाज आला. हौद कोरडा आहे हे त्या वेळी डोक्यातही आलं नाही. डोक्यात एकच — आजच्या दिवशी, सगळ्यांसमोर, ही पुन्हा तमाशा करायला आली! ठरवून आली!

"बघितलं का? आली सणाचं नाक कापायला!" मी ओरडलो आणि पूजा सोडून तसाच निघालो.

कमलनं पण तिला बघितलं. "अवो, सणासुदीचं नका बोलू तिला! म्हातारं माणूस हाये!" म्हणत ती ताटासकट माझ्या मागं धावली. तिच्या मागं सून, नात. त्यांच्या मागं सगळे. फुकटचं भांडण बघायला कोण मागं राहतंय? सगळ्यात शेवटी गजानन. तो नंतर म्हणाला, निघताना त्यानं मोठा पंखा चालू केला, भांडण मिटेपर्यंत हवा साफ होईल म्हणून.

मी हौदाला वळसा घालून पलीकडे गेलो. तिथं कुणी नव्हतं.

अंगणाला चारी बाजूंनी तारेचं कुंपण. रस्ता दोन्हीकडे लांबपर्यंत मोकळा. लपायला झुडूप नाही. हौदाच्या काठावर फक्त पोतं होतं. ओलंचिंब. टपटप गळत होतं, खालच्या फरशीवर ओघळ गेला होता. मी हौदात वाकून बघितलं. तळाला वाळलेलं शेवाळ आणि झेंडूच्या दोन पाकळ्या.

"कुठं लपली? समोर ये!" मी ओरडत होतो. सगळे माझ्याभोवती गोळा झाले होते. दोघी बाया म्हणत होत्या, आमी बी बघितलं, आत्ता इथं होती. गजानन म्हणत होता, मला तर काहीच दिसलं न्हाई.

तेवढ्यात शेडमधून आवाज आला.

भप्प.

तोच. शेगडीवरचा. फक्त मोठा, कुणीतरी जड गादी आपटावी तसा. मी दाराकडे बघितलं. क्षणभर आत काहीच नव्हतं. मग कैच्यांवरून पिवळा पडदा खाली सुटला, आख्ख्या शेडच्या लांबीचा. अजून डोळ्यांपुढे आहे, इतका सावकाश सुटला...

त्यानंतरचा आवाज मी ऐकला असं म्हणता येत नाही. तो छातीत बसला. पत्रे कागदासारखे उडाले, दार चौकटीसकट अंगणात आलं. बाकी सगळे पहिल्या आवाजालाच हौदाच्या भिंतीआड खाली बसले होते. मी एकटाच दाराकडे तोंड काढून बघत होतो, म्हणून माझी मान आणि दोन्ही हात भाजले. बाकी कुणालाही खरचटलं नाही. नात तेवढी रडत होती. ती रडतेय हे मला तिचं तोंड बघून कळलं, कान बंद होते.

आग विझवायला आलेल्यांत एक वयस्कर माणूस होता. त्यानं वाचलेल्या एका कैचीवर बोट फिरवून मला दाखवलं.

"पहिला भडका लहान असतो. पंख्यानं वरची थोडी धूळ समईवर आली असंल. पण त्या धक्क्यानं बाकीची सगळी खाली येते अन् दुसरा होतो. माणसं दुसऱ्यानं मरतात. हे वरचं पुसायचं कोण?"

मी हौदाच्या काठावरच्या पोत्याकडे बघितलं.

दवाखान्यात शेजारची एक म्हातारी भेटायला आली. पदराखालून वाटी काढली आणि म्हणाली, लेकरा, हातावर थोडी हळद लाव. मी तिच्यावर इतका ओरडलो की नर्स धावत आली.

पट्ट्या निघाल्यावर मी आधी जवळा बाजारला गेलो. साडी-चोळी घेतली, नारळ घेतला आणि ते पोतंही घेतलं. मनात ठरवलं होतं, तिनं नुसतं कबूल करावं. आले होते, पाणी कुठून तरी आणलं होतं, मागून निघून गेले — एवढं म्हणावं. बाकी मी सगळं जुळवून घेतलं असतं.

कौसाबाई खाटेवर होती. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.

"हे कधी झालं?"

"गणपतीत. नळावर पाय घसरला."

तिची लेक संगीता आतून म्हणाली, "काका, तवापासून आई न्हाणीतबी आमच्या हातावर जाती. कुठं येती ती तुमच्या शेडला?"

मी पोतं तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं, कडेच्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. "माझंच हाये. ही शिवण माझी."

"मग?"

"मग काय? खिळ्याला लावून आलते. तुमच्याकडंच होतं."

"कौसाबाई, चौघांनी बघितलं तुमाला. माझ्या बायकोनं बघितलं. कुणाला तरी पाठवलं असंल तुमी, लुगडं घालून. सांगा, मी राग न्हाई धरणार."

ती हसली. "अजून राग तुमीच धरायचा का, मालक?"

मी विषय बदलला. म्हटलं, पाय बरा झाला की परत या. शिडी चढायची नाही, खुर्चीवर बसायचं, दुसऱ्यांकडून पुसून घ्यायचं. शनिवारी पूर्ण दिवस मशीन बंद ठेवतो. आयुष्यात इतक्या लवकर मी कुणाला इतकं देऊ केलेलं नाही. ती नकाराची मान हलवत राहिली.

"दारात पाय ठेवणार न्हाई म्हणले होते. ठेवला न्हाई. ठेवणार बी न्हाई."

"मग मी समजायचं तरी काय?"

"ते तुमी बघा. येक सांगा मला. मी खरंच आले असते, अन् दारात उभी राहून म्हणले असते, मालक, सगळ्यांना घेऊन भाईर निघा... तर निघाला असता का?"

साडी तिनं घेतली नाही. नारळ लेकरांसाठी ठेवून घेतला.

नवी शेड उभी राहिली. धूळ ओढणारी यंत्रणा मोठी आहे आणि बाहेर आहे. कॉम्प्रेसर विकून टाकला. खंडेनवमीची पूजा आता अंगणात उघड्यावर होते, आणि त्या दिवशी कामगार पहिलं हळदकुंकू मशीनला लावत नाहीत, त्या पोत्याला लावतात. माझ्या डोळ्यांदेखत. मी काही बोललो की गजानन म्हणतो, "मालक, लावू द्या." दर शनिवारी मशीन बंद होतं. वरच्या कैच्या मी स्वतः पुसतो, ओल्या गोणपाटानं, वरून खाली. दुसऱ्यावर माझा भरवसा नाही.

कोरड्या हौदातलं पाणी कुठून आलं, मोडक्या पायाची बाई वीसेक किलोमीटर कशी आली, कुंपणातून कशी गेली — मी सगळ्या बाजूंनी विचार केला, लोकांशी वाद घातले. उत्तर मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर लिहा. 'देवी होती' असं मात्र लिहू नका, ते मला गावात रोज ऐकायला मिळतं.

मला एवढंच कळतं. जे कुणी त्या हौदापाशी उभं होतं, त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. बाहेर निघा म्हटलं नाही, हात केला नाही. म्हटलं असतं तर मी मुद्दाम आत थांबलो असतो, सगळ्यांना थांबवलं असतं आणि कापूर लावला असता. ते नुसतं तिच्यासारखं होऊन, माझ्याकडे पाठ करून उभं राहिलं... मी भांडायला बाहेर येईन याची खात्री असल्यासारखं.