कच्चा आवाज

आमच्या भाऊजींना नातेवाईक ‘स्टुडिओवाले’ म्हणतात. भाऊजींना तो मान वाटतो. यावरून माणसाची कल्पना यावी.

नोकरीत ते दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासतात. दोन ग्रॅमचा फरक निघाला तरी शिक्का नाकारतात, समोरचा रडकुंडीला आला तरी ढिम्म हलत नाहीत. संध्याकाळी घरी आले की आतल्या खोलीत शिरून दार लावून घेतात. आवाज घुमू नये म्हणून त्यांनी त्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या फाडून ठोकल्यात. आत गेलं की आजाऱ्याच्या अंथरुणात डोकं घातल्यासारखं वाटतं. टेबलावर आठ ट्रॅकचा रेकॉर्डर. म्हणजे आठ आवाज वेगवेगळे भरायचे आणि एकत्र वाजवायचे. गिटार भाऊजींची, कीबोर्ड भाऊजींचा, शिट्टी भाऊजींची, खुळखुळासुद्धा भाऊजींचाच. गाणारी मात्र माझी ताई, कारण भाऊजी स्वतः गायले की शेजारी दार वाजवतात.

त्यांची पद्धत अशी. आधी ताईने गाणं कच्चं गायचं, कुठलं वाद्य कुठे यायचं ते कळावं एवढ्यासाठी. त्या आवाजाच्या आधाराने बाकीचं सगळं भरायचं, शेवटी ताईचा पक्का आवाज घ्यायचा आणि कच्चा पुसून टाकायचा. ऐकायला ठीक आहे. पण पक्क्यापर्यंत गाडी कधी पोचलीच नाही. आठही ट्रॅक भरले की भाऊजींना खुळखुळा आठवायचा. जागा करायला ते ताईचा कच्चा आवाज पुसायचे, आणि मग त्या गाण्यावरून त्यांचं मनच उडायचं. अकरा वर्षांत चौदा गाणी अशी वाया गेली. चौदाही गाण्यांत खुळखुळा आहे, ताई एकातही नाही. विचारलं की म्हणायचे, आठ ट्रॅकमध्ये माणूस काय करणार? नाचता येईना अंगण वाकडं.

यंदा ताईच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. साधी होती, पण काढायलाच हवी होती. डॉक्टरीणबाईंनी महिन्यानंतरची तारीख दिली आणि स्पष्ट सांगितलं, आवाजाची नस गाठीला अगदी लागून जाते. बहुतेक वेळा काही होत नाही, पण झालंच तर वरचे सूर परत येतील याची खात्री नाही.

घरी आल्यावर ताई म्हणाली, “अहो, त्याआधी माझं एक गाणं पूर्ण करून द्या. एकच.”

गाणं तिचं स्वतःचं होतं. ती बालवाडीत शिकवते. तिथली पोरं झोपवता झोपवता तिने चाल लावलेली. कडव्याच्या शेवटी चाल एकदम वर चढते. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या जागी ती पोचली की मी हातातलं काम थांबवायचो. दुसऱ्याच दिवशी तिने ते कच्चं गायलं. भाऊजींनी भरून घेतलं आणि म्हणाले, “छान. पण पक्का आवाज या डबड्यावर नाही घ्यायचा. चोवीस ट्रॅकचं मशीन बघतो.”

बघतो म्हणजे बघतच बसले. भाऊजींनी वही उघडली. डाव्या पानावर नव्या मशीनचे फायदे, उजव्यावर तोटे, आणि रोज संध्याकाळी एखादा मुद्दा इकडून खोडून तिकडे लिहायचा. दुकानात सहा खेपा झाल्या. दुकानदार सहज बोलून गेला की सुधारलेलं मॉडेल येतंय. त्या एका वाक्याने आठवडा खाल्ला. मग बटणांची खटखट माइकमध्ये उतरते का ही शंका. मग बटणं बरी की बोटाने चालणारा पडदा बरा. ताई रोज विचारायची, मग दोन दिवसांनी विचारायला लागली, मग विचारेनाशी झाली.

मी चष्म्याच्या काचा घासतो. गिऱ्हाइकाला उद्या चष्मा हवा असेल तर उद्या देतो. पुढच्या वर्षी याहून चांगली काच निघेल म्हणून त्याला चाचपडत ठेवत नाही. मी म्हटलं, “भाऊजी, पुढच्या बुधवारी ऑपरेशन आहे. आहे त्याच मशीनवर घ्या ना.”

“आठ ट्रॅकमध्ये काय होतं रे?”

“ताईच्या आवाजाला एक पुरतो.”

“तुला यातलं कळत नाही.”

मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, खिशातून फोन काढला आणि ताईपुढे धरला. म्हटलं, गा. तिने फोन उलटा करून ओट्यावर ठेवला. “नको. त्यांना वाईट वाटेल. ते एवढं करतायत माझ्यासाठी.” आणि मी शहाण्यासारखा फोन खिशात घातला. भाऊजींना नावं ठेवतो, पण त्या दिवसाचा माझा शहाणपणा आठवला की मला माझीही किळस येते.

ऑपरेशनला चार दिवस उरले तेव्हा भाऊजींनी चोवीस ट्रॅकचं मशीन आणलं. जुना रेकॉर्डर बदल्यात दिला. दोन दिवस माहितीपुस्तक वाचण्यात गेले. तिसऱ्या दिवशी माइक लावला तर गुणगुण यायला लागली. ताई साडी बदलून, गरम पाणी पिऊन खुर्चीत बसली होती, दोन तास. भाऊजी टेबलाखाली वायरी उपटत होते. शेवटी टेबलाखालूनच म्हणाले, “आलीस की निवांत घेऊ.” चौथ्या दिवशी तिला दाखल केलं.

गाठ साधीच निघाली, देवाची कृपा. पण नस दुखावली. आवाज म्हणजे नुसती घोगरी फुंकर उरली. सहा महिने वाट पाहा, बोलण्यापुरता येईल, गाण्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दहाव्या दिवशी मी तिला भेटायला गेलो. आतल्या खोलीत भाऊजी हेडफोन लावून बसले होते. गुणगुण गेली होती, चोवीस दिवे ओळीने लागले होते, आणि स्वारी खुळखुळा भरत होती. ताई माझा हात धरून आत आली. तिने त्यांच्या खांद्यावर टिचकी मारली, त्यांनी एक कान मोकळा केला. ती कुजबुजली, “माझं ते कच्चं लावा. ऐकू दे मला.”

“ते जुन्यात होतं,” भाऊजी म्हणाले.

“मग?”

“देण्याआधी सगळं साफ करून दिलं. आपलं खासगी दुसऱ्याच्या हातात कशाला?” ताईचा चेहरा बघून ते घाईघाईने म्हणाले, “अगं, कच्चंच होतं ते.” आणि हेडफोन परत कानावर सरकवला.

ताई म्हणाली, “मी तेवढंच गायले होते.”

मी तिच्या शेजारी उभा होतो म्हणून मला ऐकू आलं. भाऊजींना नुसते तिचे ओठ हललेले दिसले. त्यांनी हेडफोन काढला आणि विचारलं, “काय म्हणालीस?” पण तेवढ्यात तिचा आवाज बसला होता.