पन्नास वर्षं मुकी असलेली पट्टी

आज घरी आलं: जुनी पेटी एक, पंचावन्न युरो. वरचं मखमली कापड फुकट. आपल्या गुरुवारच्या ऑनलाइन भजनासाठी घेतली.

विकणारे आजोबा मूळचे इंग्लंडचे. तरुणपणी रॉक बँडमध्ये स्वतःची गाणी रचून गायचे. कार्यक्रमासाठी अ‍ॅमस्टरडॅमला आले, लग्न करून इथेच राहिले. कोरोनाने कार्यक्रम बंद, म्हणून आता लहान घरात चाललेत. पेटी दारात ठेवून ते दीड मीटर मागे सरकले.

हळदकुंकू वाहून मी आरती वाजवायला बसले, तर मधली एक पट्टी मुकी. दर ओळीला तिथेच खड्डा! दहा युरो परत मागायचे ठरवून मोडक्यातोडक्या इंग्रजीत फोन लावला.

"अरे देवा, सांगायचं विसरलोच," ते म्हणाले. "घेतली तेव्हापासून ती तशीच आहे. पन्नास वर्षं सगळी गाणी याच पेटीवर रचली, त्या सुराला वळसा घालून."

दहा युरो राहिलेच बाजूला. मी विचारलं, "मग दुरुस्त करू, की तशीच ठेवू?"

ते म्हणाले, "करा. झाली की पाच मिनिटं मला तिच्यासमोर बसू द्या. माझं पहिलं गाणं त्या सुरावरून कुठे जाणार होतं, ते ऐकायचंय. पण लवकर हं, अठ्ठ्याहत्तरावं संपलंय मला."

मंडळी, लायडन, आइंडहोवन, कुठेही पेटी दुरुस्त करणारं कुणी आहे का? खर्च मी करीन. नुसते लाइक नकोत, उलट टपाली नाव कळवा.