बंद टीव्हीतली बाई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, सोनारीला भैरोबापुढं नारळ फोडताना मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. आणि एक आधीच बजावते — मला समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. बिचारीवर काय वेळ आली असेल, असं म्हणणाऱ्या माणसांची मला चीड येते. माझ्यावर कसलीही वेळ आली नव्हती. माझं बरं चाललं होतं.

कुठून सुरू करू? टीव्हीपासूनच करते. सगळं तिथूनच झालं.

मी उमरग्यात, हायवेच्या कडेला, टीव्ही-फ्रिजच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकाला माल दाखवायचा, समजावायचं, पटवायचं. गाव जवळच आहे, सकाळची कामं उरकून एसटीनं जाते. गावात एकाच अंगणात समोरासमोर आमची दोन घरं. एक आमचं, दुसरं माझ्या थोरल्या जावेचं. तिला मी अक्का म्हणते — म्हणावं लागतं म्हणून. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या. सासरे, म्हणजे आबा, जेवायला-झोपायला अक्काकडं. पण टीव्ही बघायला माझ्याकडं.

माझा टीव्ही छोटा, माझ्या पगारातून घेतलेला. आबा तरुणपणी पैलवान होते, आणि म्हातारपणी आमच्या जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसरा धड नाही, पण फडात उतरायचे, वाकून बघायचे आणि पाठ टेकली की नाही ते सांगायचे. त्यांनी एकदा सांगितलं की तंटा संपला. असा माणूस रोज सकाळी माझ्या घरी स्टुलावर बसून, टीव्हीला नाक लावून कुस्त्या बघायचा. त्यांच्या मागोमाग गावातली दोन-चार माणसं यायची, चहा व्हायचा. धाकटीचं घर असून माणसं माझ्याकडं येतात, याचा मला माज होता. हो, माजच. दुसरा शब्द कशाला शोधू?

अक्काला ते सलत होतं. मग तिनं ठरवलं, भिंत भरेल एवढा टीव्ही घ्यायचा. आणि हे तिनं मला सांगितलं नाही, हौदावर धुणं धुताना चार बायांना सांगितलं — "आबास्नी आता संगीताच्या डबीत डोळं घालाया लागायचं न्हाय." मी शेजारच्या दगडावर होते. बाया हसल्या. मीही हसले.

ती डबी माझ्या डोक्यातून गेली नाही. आजही गेलेली नाही, हे सांगताना दात आवळलेत मी.

टीव्ही घ्यायला ती सगळ्यांना घेऊन माझ्याच दुकानात आली. दुसरीकडं गेली असती तर? पण नाही, मी माल दाखवावा आणि तिनं खुर्चीत बसून बघावा, हीच तर तिची हौस होती. आबाही आले होते, फेटा बांधून.

आता दुकानातलं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. जेवढ्या पैशात पासष्ट इंची साधा एलईडी येतो, तेवढ्यात पंचावन्न इंची ओएलईडी येतो. साध्यात पडद्याच्या मागून दिवे असतात, त्यामुळं उजेड दणदणीत. आमच्याकडच्या त्या मोठ्याची काच चकाकणारी नव्हती, उन्हातसुद्धा चित्र दिसायचं. ओएलईडीत प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो. काळं म्हणजे खरंच काळं. अंधाऱ्या खोलीत त्याच्याइतकं देखणं चित्र कशातच नाही. पण उजेडाच्या खोलीत तो पडतो फिका, आणि आमच्याकडच्या त्या एकाची काच तर नुसता आरसा. गिऱ्हाईक हे विचारत नाही. ते इंच विचारतं, नाहीतर शेजाऱ्यानं कुठला घेतला ते विचारतं. आमचं काम एकच, आधी खोली विचारायची. उजेड कुठून येतो, बसणार कुठं.

अक्काची खोली मला विचारायची गरजच नव्हती. तिच्या बैठकीचं दार पूर्वेला, अंगणाकडं. समोरच्या भिंतीवर टीव्ही येणार. दाराच्या आत लगेच आबांची बाज, त्यांची पाठ अंगणाला, तोंड त्या भिंतीकडं. आणि आमच्याकडं वडीलधारं माणूस बैठकीत असताना दिवसा दार लावत नाहीत. लावलं तर लोक विचारायला येतात, कोण गेलं म्हणून. पडदा अक्का लावू देत नाही, तिला येणारं-जाणारं दिसलं पाहिजे.

आबा मोठ्या एलईडीपुढं उभे राहिले. हात मागं बांधून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ह्यो बरा हाय. ह्यात मानूस मानसाएवढं दिसतंय."

बरोबर होतं त्यांचं. अधू डोळा, उजेडाची खोली — पासष्ट इंचीच पाहिजे होता. मीच तसं शंभर जणांना सांगितलंय.

पण मी अक्काला बाजूला घेतलं, दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि ओएलईडी लावून दाखवला. म्हणाले, "नुसता आकार बघून घेणारी माणसं वेगळी, अक्का. जाणकार माणसं हा नेतात." बस, एवढंच. टीव्हीबद्दल एक शब्द खोटा बोलले नाही. काळं खरंच काळं होतं, चित्र खरंच देखणं होतं. फक्त खोलीचं बोलले नाही. जाणकार म्हटल्यावर ती फुगली. आबा काहीतरी म्हणत होते, ते तिनं ऐकलं नाही आणि मी ऐकू दिलं नाही.

मला काय पाहिजे होतं? तिची फजिती. सकाळी टीव्ही लावावा आणि त्यात पैलवानाऐवजी अंगण दिसावं. आबा कंटाळून माझ्या स्टुलावर परत यावेत. एवढंच ठरवलं होतं, असं मी स्वतःला सांगते. पण एवढंच असतं तर मी तुमच्यापुढं कशाला बसले असते?

आबा परत आले नाहीत. सुनेनं एवढा खर्च केला, तर तिचं मन मोडू नये म्हणून बाजेवर बसून त्या फिक्या पडद्याकडं बघत राहिले. दिसत काही नव्हतं. मग टीव्ही बंद असला तरी तिकडंच बघायचे, सवय झाली म्हणून.

आणि एक दिवस म्हणाले, "ती बाई कोन गेली टीव्हीतनं?"

अक्का हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डोक्यावर पदर घेतलेली बाई, उजवीकडून येते, डावीकडं जाते. टीव्ही तर बंद. अक्का स्वयंपाकघरातून धावत यायची, पडद्यापुढं उभी राहायची, तिला त्यात ती स्वतःच दिसायची. आबांनी मान वळवून मागं बघेपर्यंत अंगण रिकामं झालेलं. तुम्ही म्हणाल, एवढं साधं कुणाला कळलं नाही? नाही कळलं. कारण आबांच्या जागेवरून कुणी बघितलंच नाही. सासऱ्याच्या बाजेवर सून बसत नाही, मुलगेही बसत नाहीत. आमच्या घरात हे कुणी शिकवावं लागत नाही.

मी बसले. आबा हजामतीला गेले होते आणि अक्का गिरणीत, तेव्हा गुपचूप जाऊन बसले. समोरच्या काळ्या काचेत माझं दार होतं. माझी तुळस, माझी धुण्याची दोरी. वासरू चालत गेलं ते दिसलं, सावलीसारखं, तोंड न कळणारं. सकाळी धुणं घेऊन त्या अंगणातून कोण जातं? आबांच्या पाठीमागूनसुद्धा डोक्यावर पदर घेऊन कोण जातं?

मी उठले, बाजेवरची वाकळ सारखी केली आणि घरी गेले. कुणाला काही बोलले नाही.

त्याच आठवड्यात अक्कानं त्यांना उमरग्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं वयाचं सांगितलं आणि गोळ्या दिल्या, त्यानं आबा दिवसभर पेंगायला लागले. मग जीप करून सगळे सोनारीला गेलो, पार परंड्याकडं. भैरोबाचा अंगारा आणला. अक्कानं तो आबांच्या कपाळाला लावला, उरलेला टीव्हीला लावला. मी हात जोडून उभी होते. हसू दाबत होते, खरं सांगते. तिनं हौशीनं घेतलेल्या टीव्हीला ती अंगारा लावत होती.

मला वाटलं, अजून वेळ आहे, सांगू कधीतरी. मग वाटलं, सांगितलं तर दुकानात काय केलं तेही निघेल. आणि खरं त्याहून वाईट आहे — मला मजा येत होती.

मग आबांनीच मला विचारलं. मी एसटीला निघाले होते, त्यांनी हाक मारली. जवळ बसवलं नाही, उभीच राहिले. हळू म्हणाले, "संगीता, तू टीव्हीच्या दुकानात हाईस. तू खरं सांग. बंद टीव्हीत मानूस दिसतंय का?"

मी म्हणाले, "न्हाय, आबा. बंद टीव्हीत काय दिसंल?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मग मान हलवली आणि म्हणाले, "मंग माजंच काय खरं न्हाय." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पंचानं निकाल द्यावा तसं म्हणाले, स्वतःविरुद्ध. मी एसटी पकडली. त्या दिवशी एका मास्तरांना मी पासष्ट इंची एलईडी विकला, खोलीत ऊन येतं म्हणाले म्हणून.

गावात बातमी पसरलीच होती. जत्रा आली तेव्हा पंच म्हणून आबांना बोलावणं आलं नाही. कुणी तोंडावर बोललं नाही, पण ज्याला घरात भुतं दिसतात तो पाठ टेकलेली काय बघणार, असं कुणीतरी पारावर म्हणालं. आबांनी फेटा बांधून ठेवला होता. हलगी वाजायला लागली, थांबली, पुन्हा वाजली. संध्याकाळी त्यांनी तो फेटा सोडून त्याची घडी घातली. त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलं की म्हणायचे, मला इचारू नगा. पेरणीचं असो, सोयरिकीचं असो, मला इचारू नगा.

त्यानंतर थोड्या दिवसांनी अक्कानं त्यांची बाज बैठकीतून उचलून मागच्या खोलीत नेली. तिथं खिडकी नाही, कुणी येत-जात नाही. तिथंच ते वर्षभर पडून होते आणि तिथंच गेले.

अक्का ते अजून सांगते. लग्नात, बारशात, पाहुणे आले की सांगते — सासूबाई न्यायला यायच्या, आबा त्यांच्याशी बोलायचे, मी डोळ्यांनी बघितलंय. सांगताना तिला खरंच रडू येतं. बायाही रडतात. मी शेजारी बसलेली असते आणि मान हलवते. तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि ती त्यांच्यासाठी रडते तेव्हा तर तो वाढतो.

तिनं काय बघितलं, ते राहिलं सांगायचं. बाज का हलवली, ते.

जत्रेनंतरची सकाळ होती ती. मी अंगणातून नेहमीसारखी निघाले आणि मध्येच थांबले. मुद्दाम थांबले. उघड्या दारातून मला आबांची पाठ दिसत होती आणि पलीकडं ती काळी काच. मला बघायचं होतं — बंद टीव्हीत काही दिसत नाही, हे माझं त्यांनी खरं मानलं का? मी पदर पुढं ओढला आणि उभी राहिले.

त्यांनी मान वर केली. या वेळी कोण म्हणून विचारलं नाही. मागंही वळले नाहीत. मग बाजेवर एका कडेला सरकले, वाकळेवरून हात फिरवून जागा केली, आणि म्हणाले, "ये. बस."

स्वयंपाकघराच्या दारात अक्का येऊन उभी राहिली होती. तिनं त्यांना रिकाम्या जागेशी बोलताना बघितलं आणि तोंडाला पदर लावला. अंगणाकडं तिनं बघितलंच नाही. मी तिथंच होते, एक हाक मारली असती तरी पुरे होतं. आबांचा हात अजून त्या मोकळ्या जागेवर होता.

मी माझ्या घरात आले आणि दार लावून घेतलं, भरदिवसा.